रजनी मॅडम आणि निशाणापुढचे तीनशे फूट

टेंभरवाडीच्या शंकरपटात कोणती जोडी किती सेकंदांत पळाली हे सांगायचा अधिकार तीन वर्षं एका बाईकडे होता. ती शेतकऱ्याघरची नव्हती, आणि बैलाच्या वेसणीला तिनं जन्मात कधी हात लावला नव्हता. रजनी ढाणकीच्या शाळेत खेळाची शिक्षिका. माहेर पुसदचं, वडील कोर्टात कारकून, नवरा नरहर उमरखेडच्या तहसील कचेरीत. कॉलेजात असताना ती आठशे मीटर पळायची. तेव्हापासून गळ्यात स्टॉपवॉच अडकवायची जी सवय लागली, ती लग्न झालं, दोन मुली झाल्या, तरी सुटली नाही. तालुक्याच्या शालेय स्पर्धांत शंभर मीटरची वेळ घ्यायची असली की बाकीचे शिक्षक आपोआप मागं सरकायचे. रजनी मॅडमनं सांगितलेली वेळ कुणी दुसऱ्यांदा विचारत नसे.

वऱ्हाडातल्या पटात दाणी, म्हणजे पळायची वाट, सरळ असते, साडेतीनशे फुटांची. दोन बैल, एक हलकी छकडी आणि तिच्यावर उकिडवा बसून हाकणारा धुरकरी. शेजारून कोण पळतंय याच्याशी कुणाला देणंघेणं नसतं, लढत असते ती घड्याळाशी. म्हणूनच २००३ साली टेंभरवाडीत दोन घड्याळवाल्यांच्या वेळेत अर्ध्या सेकंदाचा फरक निघाला, तेव्हा काठ्या निघाल्या. दुसऱ्याच दिवशी पट समितीचे अध्यक्ष बबनराव शाळेच्या मैदानावर येऊन उभे राहिले. भारदस्त माणूस, साठ एकरांचा धनी, शिवाय शाळा चालवणाऱ्या संस्थेवर संचालक.

"मॅडम, दोन्ही पार्ट्याइचा भरोसा फक्त तुमच्यावर हाय," ते म्हणाले. "नाही म्हनू नका."

नरहरनं रात्री जेवताना एवढंच विचारलं, "पटात बाई? लोक काय म्हणतील?"

"काय म्हणायचं ते म्हणू देत. वेळ बरोबर निघाली म्हणजे झालं," रजनी म्हणाली, आणि गेली.

पहिल्या वर्षी हशा झाला, दुसऱ्या वर्षी सवय झाली. दाणी संपते तिथल्या निशाणापाशी लाकडी मचाणावर ती उभी राहायची. तिचा हात वर गेला की साडेतीनशे फुटांवरचा झेंडीवाला झेंडी खाली टाकायचा, तिचा अंगठा दाबला जायचा, आणि धुळीचा एक लोट तिच्या दिशेनं सुटायचा. सगळ्यात चांगली जोडी नऊ सेकंदांच्या आसपास यायची. रजनीनं हिशेब करून पाहिला होता. ताशी चाळीस किलोमीटरच्या वर. ढाणकी-उमरखेड एसटी त्या खड्ड्यांतून एवढी कधीच पळत नव्हती.

ती सालं कापसाची नव्हती. बोंडअळीनं अर्धं खाल्लं आणि उरलेल्याला भाव नाही, म्हणून माणसं कापूस घरात भरून बसली होती. टेंभरवाडीत कुणाकडंही जा, पुढच्या खोलीत छतापर्यंत कापूस आणि खाटा ओट्यावर. लग्नं पुढं ढकलली गेली, जत्रा आखडल्या. पट मात्र कुणी बंद केला नाही, उलट गर्दी वाढली. बबनराव एकदा म्हणाले होते, "वर्षभर जे येते ते अंगावरच येऊन राह्यलं, मॅडम. एक दिवस तं आपलं काही पुढं पळतानी पाहू द्या लोकायले." हे रजनीला पटलं होतं. पटाच्या विरोधात ती तेव्हाही नव्हती, नंतरही कधी झाली नाही.

२००५ च्या जानेवारीत शेवटची फेरी दिवस कलताना लागली. जोडी जवळच्या बंजारा तांड्यावरच्या प्रेमसिंगची, धुरकरी घनश्याम. सव्वीस वर्षांचा, चिपाडासारखा हलका पोरगा. बैलाला कधी काठी लावत नसे, नुसत्या आवाजावर पळवायचा. उत्साहात त्यानं कासऱ्याचे दोन वेढे डाव्या मनगटाला मारून घेतले होते. सगळेच मारायचे, पकड सुटत नाही म्हणून.

आणि निशाणाच्या पुढं माणसं उभी होती. तीही नेहमीचीच. बैलांची तोंडं समोरून पाहायची तर तिथंच उभं राहावं लागतं. मधे आठ-दहा फुटांची वाट ठेवून दोन्ही बाजूंनी गर्दी दाटायची, आणि जोडी अंगावर आली की फाटत जायची. त्याच गर्दीच्या काठाला तांड्यावरची बसंतीबाई बोरांची टोपली घेऊन बसलेली. रजनीनं ते सगळं मचाणावरून पाहिलं. आज गर्दी जरा जास्तच आत आलीय, असं तिच्या मनात आलंही. तरी तिनं हात वर केला.

जोडी सुटली ती बाणासारखी. निशाण ओलांडलं तेव्हा घड्याळात नऊ सेकंद शून्य चार पडले होते. तोवर टेंभरवाडीत एवढं कुणी पळालं नव्हतं. लोकांनी आरोळी ठोकली आणि आनंदाच्या भरात वाटच बुजवली. समोर माणसांची भिंत पाहून घनश्यामनं सगळा जोर लावून जोडी डावीकडं ओढली. आसाच्या टोकाला चाक अडवणारी खीळ तुटली, चाक निसटलं, छकडी उलटली. कासरा मनगटाला, त्यामुळे घनश्याम सुटला नाही. ऐंशी फूट फरफटत गेला. उजव्या बैलाचा धक्का बसंतीबाईला बसला आणि ती बोरांसकट बांधावर जाऊन पडली.

रजनी मचाणावरून उडी मारून धावली. घनश्यामचा हात पाहिल्यावर तिनं आपल्या ओढणीनं दंडाजवळ आवळून बांधलं, शाळेत शिकवत होती तसं. जीप गर्दीच्या पलीकडं उभी होती, ती आत यायला अर्धा तास गेला. त्या अर्ध्या तासात समितीतला एक जण तिच्याजवळ वाकला आणि हळूच म्हणाला, "मॅडम, टाइम किती आला? बक्षिसाचं जाहीर करा लागते न."

रजनीनं त्याच्याकडं पाहिलं. मग गळ्यातलं घड्याळ हातात घेतलं, त्याच्या डोळ्यांदेखत बटण दाबून शून्यावर आणलं.

"वेळ नाही," ती म्हणाली. "आज कुणाचीच वेळ नाही."

घनश्यामचा डावा हात पुसदच्या दवाखान्यात मनगटापासून काढावा लागला. बसंतीबाईचं खुब्याचं हाड मोडलं. प्रेमसिंगचा एक बैल पायानं कायमचा अधू झाला. रजनी चौथ्या दिवशी दवाखान्यात गेली तेव्हा घनश्याम भिंतीकडं तोंड करून पडला होता. तिच्याकडं न वळता त्यानं विचारलं, "मॅडम, किती आला व्हता?"

त्याला ती नाही म्हणू शकली नाही. "नऊ शून्य चार."

तो म्हणाला, "लोक बाजूले असते तं म्या सरळ काढली असती. जोडीची काही गलती नव्हती."

"नव्हती," रजनी म्हणाली. "तुझीही नव्हती. मी पाहिलं होतं सगळं, आणि तरी हात वर केला."

घरी आल्यावर नरहर म्हणाला, "झालं ते झालं. आता त्या भानगडीत पडू नकोस." दोन दिवस तीही तेच म्हणत राहिली, मनातल्या मनात. तिसऱ्या दिवशी शाळेतून मोजपट्टी आणि पांढऱ्या फक्कीची बादली उचलली आणि सरळ प्रेमसिंगच्या वावरात गेली.

"जोडी पूर्ण वेगात आल्यावर थांबायला किती जागा लागते, मोजलंय कधी कुणी?" तिनं विचारलं.

प्रेमसिंगनं कान खाजवला. "ते कायले मोजाचं, मॅडम? बैल थांबते तेव्हा थांबते."

"मला मोजायचंय."

प्रेमसिंगनं दुसरी जोडी काढली. तीन दिवस, रोज तीन वेळा. जोडी थांबली की रजनी तिथं फक्कीची रेघ मारायची. कडक जमिनीवर कधी दोनशे ऐंशी फूट, कधी तीनशे. नांगरलेल्या ढेकळांत मात्र तीच जोडी दीडशे फुटांत हाशहुश करत उभी राहिली. प्रेमसिंग त्या रेघांकडं पाहतच राहिला. "एवढ्या जागेत तं आपन हजार मानूस उभा करून राह्यलो व्हतो," तो म्हणाला.

डिसेंबरात बबनराव आमंत्रण घेऊन आले, तेव्हा रजनीनं त्यांच्या हातात वहीचं एक पान ठेवलं. निशाणापुढं तीनशे फूट जागा पूर्ण मोकळी, त्यातला शेवटचा निम्मा भाग नांगरलेला. दोन्ही अंगांना दाणीपासून पंधरा फुटांवर बल्ल्या बांधून दोर. प्रत्येक छकडीच्या चाकाची खीळ नवी, सुटण्याआधी तपासलेली. कासरा मनगटाला गुंडाळायचा नाही, मुठीत धरायचा. काठीला टोचायचा खिळा नाही, पिऊन कुणी बसायचं नाही. धुरकऱ्याच्या डोक्यात हेल्मेट. आणि एक जीप, तोंड रस्त्याकडं करून, चालक आत बसलेला.

बबनरावांनी वाचलं, हेल्मेटपाशी आल्यावर हसले. "बैलाले बी घालू काय?"

"बैलाला डोकं असतं, बबनराव. त्याला तुमच्यासारखी पाहायची हौस नसते."

ते हसत हसतच हो म्हणाले आणि पान खिशात घातलं.

पटाच्या दिवशी सकाळी रजनी टेंभरवाडीत उतरली. दाणी सुरेख केली होती, दोर बांधले होते, पण निशाणापर्यंतच. निशाणापुढं, बरोबर साठ फुटांवर, रंगीत कनातीचा मंडप उभा होता. त्यात पाहुण्यांसाठी पन्नास खुर्च्या आणि सतरंज्या, पाठीमागं लाउडस्पीकर. मंडपाच्या दोन्ही अंगांना गर्दी आत्ताच जमायला लागली होती.

"हे काय?" तिनं विचारलं.

"मोठे पाहुने हायेत, मॅडम. त्याइले समोरून दिसाले पायजे," बबनराव म्हणाले. "जोडीवाले वळवतीन बाजूनं. पोट्टे हुशार हायेत."

"घनश्यामही हुशार होता."

"आता सुरुवातीलेच अपशकुन कायले बोलता?"

"मंडप काढा."

बबनरावांचा आवाज बदलला. "मॅडम, पाच हजार मानूस जमून राह्यलं. एक्केचाळीस जोड्या आल्या. मंडप निघनार नाही. तुमाले जमत नसन तं राहू द्या, घड्याळ काय ढाणकीत कुनाकडंही भेटते."

"मग आणा," रजनी म्हणाली.

मचाणावरची प्लॅस्टिकची खुर्ची तिनं उचलली. दाणीत उतरली. निशाणाच्या अलीकडं, दाणीच्या अगदी मधोमध ती खुर्ची ठेवली आणि झेंडीवाल्याकडं तोंड करून तिच्यावर बसली. पाठ मंडपाला.

आधी कुणाला काही कळेना. मग शिट्ट्या सुरू झाल्या. कुणी ओरडलं, "ओ मॅडम, शाळा सुटली, घरी जा!" कुणी याहून वाईट काही ओरडलं. उठून निघून जावं असं रजनीला एकदा नाही, चारदा वाटलं. लाउडस्पीकरवरून बबनराव बोलत होते, की काही तांत्रिक अडचण आहे, पाच मिनिटांत पट सुरू होईल. ती तांत्रिक अडचण खुर्चीचे हात घट्ट धरून बसली होती.

बबनराव स्वतः दाणीत आले. वाकून, कुणाला ऐकू जाऊ नये अशा आवाजात म्हणाले, "शाळेच्या संस्थेवर म्या संचालक हावो, हे इसरल्या वाटते तुमी."

"नाही विसरले."

"उद्या ढाणकीत राहाचं का नाही तुमाले?"

"ते तुम्ही ठरवा. ते तुमच्या हातात आहे," रजनी मोठ्यानं म्हणाली, दोराजवळच्या माणसांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. "पण जोड्या सुटायच्या की नाही, ते आज माझ्या हातात आहे. माझ्यावरून घालायच्या असतील तर घाला. मागच्या साली मी हात वर केला होता, बबनराव. यंदा नाही करणार."

त्यांनी खरंच दुसरा घड्याळवाला आणला, मनगटी घड्याळातलं बटण दाबणारा. तेवढ्यात तांड्याच्या बाजूनं लोक वाट देऊ लागले. बसंतीबाई काठी टेकत येत होती. वर्षभरात ती पहिल्यांदाच तांड्याबाहेर निघाली होती. मागून प्रेमसिंग ओरडत होता, "याडी, ऊन हाय, पडशील!" आपल्या बोलीत तो तिला आई म्हणायचा, अख्खा तांडा म्हणायचा. म्हातारीनं त्याच्याकडं लक्ष दिलं नाही. खुर्चीशेजारी आली, काठी आडवी टाकली आणि मोडक्या खुब्यानं, दात आवळून, मातीत बसली.

"खुर्ची घ्या," रजनी उठायला लागली.

"बस तू, बाई," बसंतीबाई म्हणाली. "तुले इथून उठवाचं तं आधी मले उचलाव लागन त्याइले. अन् म्या जड हावो."

दाणीच्या दुसऱ्या टोकाला त्याच वेळी घनश्याम एकेका छकडीपाशी जात होता. तो काही भाषण करत नव्हता. शर्टाची डावी बाही वर सारायचा, हात पुढं करायचा आणि धुरकऱ्याला विचारायचा, "समोर मंडप दिसते का तुले? जागा दिसते का थांबाले? मंग काहून सोडतं?"

सगळ्यांत आधी प्रेमसिंगनं जोडी छकडीपासून मोकळी केली. बैल दाणीतून काढून लिंबाखाली बांधले. मग बिटरगावची जोडी निघाली, मग फुलसावंगीची. तासाभरात सुटायच्या जागेवर एकही जोडी उरली नाही. नवा घड्याळवाला मचाणावर एकटाच उभा राहिला. पाच हजार माणसांची शिट्टी आता फिरली. "मंडप काढा!" कुणीतरी ओरडलं आणि मग सगळेच ओरडायला लागले. मघाशी रजनीला घरी जा म्हणणारेही त्यांत होते. पाहुण्यांची गाडी अजून वाटेतच होती. बबनरावांनी टोपी काढली, कपाळ पुसलं आणि कनातवाल्याला हात केला.

मंडप निघायला आणि शेवटचा निम्मा भाग नांगरायला दोन तास गेले. नांगराला बैल प्रेमसिंगनं दिले. रजनीनं मोजपट्टी धरली, पलीकडचं टोक घनश्यामनं पायाखाली दाबलं. हेल्मेटं सात जमली, त्यातलं एक नरहरचं होतं. पहिल्या धुरकऱ्यानं ते डोक्यात घातलं तेव्हा माणसं पोट धरून हसली. अकराव्या फेरीत एक छकडी निशाणापुढं उलटली. धुरकऱ्यानं मुठीतला कासरा सोडून दिला, दोन कोलांट्या खाल्ल्या आणि माती झटकत उठला. हेल्मेटला एवढी मोठी चीर. त्याची जोडी तशीच उधळत ढेकळांत शिरली, गुडघ्यापर्यंत रुतली आणि उभी राहिली. समोर कुणीच नव्हतं. त्यानंतर कुणी हसलं नाही.

एक्केचाळीस जोड्या पळाल्या. सगळ्यांत चांगली वेळ नऊ सेकंद एकतीस. दवाखान्यात कुणी गेलं नाही. रजनीनं शेवटची वेळ सांगितली तेव्हा सूर्य बुडत होता आणि तिचा आवाज पार बसला होता.

शाळेतून पंधरा दिवसांनी पत्र आलं. सार्वजनिक कार्यक्रमात संस्थेच्या मान्यवर संचालकांशी अवमानकारक वर्तन केल्याबद्दल लेखी माफी सादर करावी. नरहरनं पत्र दोनदा वाचलं. कचेरीतल्या माणसाला अशा पत्रांची भाषा बरोबर कळते.

"दोन ओळी लिहून टाक," तो म्हणाला. "कागदच आहे."

"कशाबद्दल लिहू?"

नरहरनं पत्राची घडी घातली. मग कपाटातून कोरा कागद आणि पेन काढून तिच्यापुढं ठेवलं आणि म्हणाला, "काय घडलं तेच लिही. शुद्धलेखन मी तपासतो."

तिनं जे लिहिलं त्यात माफी नव्हती. जूनमध्ये तिची बदली पांढरकवड्याकडच्या शाखेत झाली, नकाशात जिल्ह्याच्या पार दुसऱ्या अंगाला. सोमवारी पहाटे निघायचं, आठवडाभर एका खोलीत राहायचं, शनिवारी परत. मुलींचं नरहरनं पाहिलं, स्वैपाकासकट. टेंभरवाडीच्या समितीनं पुढच्या वर्षी तिला बोलावलं नाही. पण घनश्यामला बोलावणं त्यांना भाग पडलं, कारण त्यानं खीळ पाहिल्याशिवाय धुरकरी छकडीवर बसायलाच तयार नव्हते. इतर गावांच्या पटांपैकी काहींनी तीनशे फुटांचं ऐकलं, काहींनी नाही. जिथं ऐकलं नाही तिथं माणसं मोडत राहिली. रजनीला बोलावणं आलं की ती आधी एकच प्रश्न विचारायची, निशाणापुढं किती जागा मोकळी आहे, आणि उत्तर पटलं नाही तर जायची नाही.

दोन वर्षांनी एका सोमवारी पहाटे ढाणकीच्या स्टँडवर बबनराव भेटले. थकलेले दिसत होते. तिच्या हातातल्या पिशव्यांकडं पाहून म्हणाले, "मॅडम, दोन ओळीचा तं सवाल हाय. माफीचं द्या, म्या स्वतः बदली रद्द करून देतो. कायले एवढी वणवण करून राह्यल्या?"

"बबनराव," रजनी म्हणाली, "यंदा तुमच्या पटात कुणाला लागलं?"

"नाही. यंदा कुनालेच नाही."

"मग माफी नेमकी कुणी मागायची?"

एसटी आली. रजनीनं पिशव्या उचलल्या, गर्दीत कोपर घातलं आणि खिडकीची जागा धरली.